मृत सदस्यांसह शोध

शहाद्याच्या शारदोपासक कलामंडळाचे चिटणीसपद मी निवृत्तीनंतर स्वीकारले, ते देवघरातील दिव्याची वात पुढे सारावी अशा भावनेने. पौषातील एक संगीत नाट्यप्रयोग, चैत्रातील गायन आणि अधूनमधून एखादे व्याख्यान, एवढाच संस्थेचा संसार. अशा ठिकाणी मनुष्याला क्रोध येण्याचे कारण नाही, असे मी समजत होतो. गतवर्षी आमचे अध्यक्ष अमृतभाऊ यांनी तिकीटविक्री आणि सभासदनोंदणी यांसाठी एक संगणकप्रणाली विकत आणली, आणि तेव्हापासून माझा हा समज दर आठवड्याला थोडाथोडा झिजत आला.

अमृतभाऊ केळीचे मोठे बागायतदार. नवीन वस्तूवर त्यांचा भाबडा विश्वास आहे. "गुरुजी, आता नाव टाका, माणूस हजर," असे ते त्या वेळी म्हणाले होते. जुनी सर्व माहिती आमच्या कार्यालयातील काजल गिरासे यांनी दोन महिने खपून त्या प्रणालीत भरली. काजलताई हिशेबी, नेटक्या, आणि सासर-माहेर दोन्हींकडचे वाद एका बैठकीत मिटवणाऱ्या. त्या प्रणालीसमोर मात्र त्यांचाही संयम सुटताना मी पाहिला आहे.

नाट्यप्रयोग रविवारी होता. जी सभासद-आसने शुक्रवार सायंकाळपर्यंत कोणी मागितली नसतील, ती शनिवारी सकाळी सर्वांसाठी विक्रीला खुली होणार होती. हा नियमही प्रणालीनेच आम्हाला घालून दिलेला. त्या शुक्रवारी दुपारी धानोऱ्याच्या छबूबाई कार्यालयात आल्या. हातात कापडी पिशवी, डोक्यावरचा पदर प्रवासात सरकून खांद्यावर आलेला.

"राम राम गुरुजी. मन्हा दोन पास काढी द्या. दोन गाड्या बदलीसन उनू. एस्टीमा उभी राही राही पाय मोडी गयात."

त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. छबूबाई या आमचे संस्थापक सभासद कैलासवासी हिलाल धुडकू पाटील यांच्या पत्नी. हिलालभाऊंना जाऊन तीन वर्षे झाली होती. सभागृहाच्या तिसऱ्या रांगेतील, मधल्या वाटेलगतची दोन आसने पहिल्या दिवसापासून त्यांची. पहिल्या अंकाला डोळे मिटायचे आणि गायकाचा सूर ढळला तरच उघडायचे, ही त्यांची रीत होती. त्यांच्या पश्चात छबूबाई दर वर्षी येत आणि जावेला सोबत आणीत.

"यंदा जाऊबाई येणार का?" मी सहज विचारले.

"नही." छबूबाईंनी पदर नीट केला. "यंदा रुपा येस."

काजलताईंचे हात कळपाटीवर थबकले. रुपा ही छबूबाईंची एकुलती एक कन्या. तिने सुरतेत नोकरी करताना दिनेश पावरा नावाच्या मुलाशी विवाह केला. मुलगा शिकलेला, कापडाच्या कारखान्यात रंगविभाग सांभाळणारा. पण सातपुड्यातल्या डोंगरी गावातला आदिवासी, आणि धानोऱ्याच्या जमीनदार घराला ते मानवले नाही. हिलालभाऊंनी मुलीचे नाव घरात उच्चारू नये असा दंडक घातला आणि अखेरपर्यंत पाळला. ही गोष्ट पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक होती.

"तिले मी सांगेल शे," छबूबाई म्हणाल्या, "तू मन्हा शेजारे बठशी, तुन्हा बापना खुर्चीवर. समदं गाव देखी. चोरीसन घर येवानं नि चोरीसन जावानं, हाई आते बंद."

"बसेल ना, काकू. का नाही बसणार?" काजलताई प्रसन्नपणे म्हणाल्या आणि त्यांनी हिलालभाऊंचे नाव टंकित केले.

पडद्यावर एक वर्तुळ फिरले. मग अक्षरे उमटली: एकही नोंद आढळली नाही.

त्यांनी आडनाव आधी घातले. एकही नोंद आढळली नाही. गावावरून शोध घेतला, तेव्हा धानोऱ्याचे तीन सभासद निघाले. त्यांत हिलालभाऊ नव्हते. भ्रमणध्वनीच्या क्रमांकावरून शोधले. त्यावर प्रणालीने अत्यंत विनयाने सुचवले की, आपण नवीन सभासद नोंदवू इच्छिता काय?

"आसनावरून बघा," मी म्हणालो.

काजलताईंनी सभागृहाचा नकाशा उघडला. ग रांगेतील पाच आणि सहा ही दोन्ही आसने हिरवी दिसत होती. हिरवे म्हणजे काय, असे छबूबाईंनी विचारले.

"मोकळी आहेत, काकू."

"मोकळी? इतला वरीस मी तठे बठनू नि मोकळी कशी? आते तुन्हा पुढे बठेल शे, ते दिसस का तुन्हा यंत्रले?"

"यंत्राला माणूस दिसत नाही, काकू. नोंद दिसते."

"मंग डोया कशाले देल शेत त्याले?" असे म्हणून त्यांनी पडद्याच्या वर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवले.

मी माझ्या आयुष्यात शेकडो विद्यार्थ्यांना धातुरूपे शिकवली. एखादे रूप चुकले तर का चुकले ते शोधून काढता येते. नियम असतो, अपवाद असतो, अपवादाचेही कारण असते. येथे तसे काहीच नव्हते. जो माणूस या संस्थेच्या पायाभरणीला उभा होता, ज्याच्या नावाची पाटी सभागृहाच्या दारात आहे, तो आमच्याच दप्तरी कधी जन्मलाच नव्हता, असे ते यंत्र शांतपणे सांगत होते. आणि आम्ही तिघे त्याच्यासमोर याचकासारखे बसलो होतो.

इतक्यात अमृतभाऊ आले. ते छबूबाईंचे नात्याने भाचे. त्यांनी वाकून नमस्कार केला.

"काय मामी, कशी शे तब्येत?"

"तब्येत बरी शे. तुन्हं यंत्र मांदं शे. तुन्हा मामाले गियी टाकं त्यानी."

काजलताईंनी प्रकार सांगितला. अमृतभाऊंनी स्वतः एकदा नाव घालून पाहिले. त्यांनाही तेच उत्तर मिळाले, तेव्हा त्यांनी यंत्राला दोष न देता काजलताईंकडे पाहिले, आणि काजलताईंनी माझ्याकडे.

"जाऊ द्या ना," अमृतभाऊ म्हणाले. "मी मामीसाठी बाल्कनीतले दोन पाहुणे-पास देतो. पंख्याखाली."

"बाल्कनीमा काब्र?"

अमृतभाऊंनी आवाज थोडा खाली आणला. "मामी, रुपा येस ना यंदा? वर निवांत बठशात दोन्ही मायलेकी. पुढे समदं भाऊबंद ऱ्हास. कोनी काही बोलनं, त तुमलेच वाईट वाटी. मी तुन्हा भलासाठेच सांगस."

छबूबाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "अमृत, तुन्हा लगीनमा मी कोठे बठनू व्हती?"

"पुढेच, मामी."

"मंग मन्ही आंडेर, मन्ही पोर, मांगे काब्र बठी? तिनी काय कोनं घर फोडेल शे?"

अमृतभाऊ टोपी सारखी करू लागले. मनाने ते वाईट नाहीत. लोकांनी आपल्या कार्यक्रमात कुजबुजू नये एवढीच त्यांची इच्छा, आणि त्या इच्छेपुढे पुष्कळ चांगल्या गोष्टी ते बाल्कनीत पाठवतात. मी त्यांना म्हणालो, "भाऊ, पासाचा विचार नंतर. आधी आपल्या घरातला हरवलेला माणूस सापडला पाहिजे." आणि काजलताईंना प्रणालीच्या मदतकक्षाला फोन लावायला सांगितले.

मदतकक्ष पुण्यात होता. बराच वेळ बासरी ऐकू आली. पुढे एका युवतीचा गोड, घाईचा आवाज आला. काजलताईंनी तो मोठा करून सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला.

"नमस्कार, मदतकक्षात आपलं स्वागत आहे. सभासद शोधता येत नाहीये, बरोबर? नाव तपासलंत?"

"तपासलं. गाव, फोन, आसन, सगळं तपासलं."

"सभासद सक्रिय आहेत का, मॅम? म्हणजे गेल्या वर्षी त्यांनी तिकीट घेतलं होतं?"

"घेतलं होतं."

"आणि प्रयोगाला आले होते?"

काजलताईंनी छबूबाईंकडे पाहिले. "ते नाही आले. ते वारलेत."

"अरेरे. कधी?"

"तीन वर्षं झाली."

"मॅम, मग गेल्या वर्षी तिकीट कुणी घेतलं?"

"त्यांनीच. म्हणजे त्यांच्या नावावर."

"तीन वर्षांपूर्वी वारलेल्या सभासदांनी?"

"हो. आमच्याकडे असे बरेच आहेत."

"असे म्हणजे कसे?"

"वारलेले. दर वर्षी येतात."

युवतीने खोकल्यासारखा काही आवाज केला. मला तिची दया आली आणि रागही. पुण्यात बसलेल्या त्या मुलीला कसे कळावे की, आमच्याकडे बाप गेला तरी शेताचा सातबारा बापाच्या नावे वर्षानुवर्षे राहतो. विजेचे बिल आजोबांच्या नावे येते आणि नातू ते भरतो. नाव बदलायला जाणे म्हणजे गेलेल्या माणसाला पुन्हा एकदा घराबाहेर काढणे, असे लोकांना वाटते. सभासदत्वाचेही तसेच. ज्याने ते घेतले त्याच्या नावे ते चालते. मुलगा येतो, सून येते, विधवा येते, आणि "बाबांचं तिकीट द्या" म्हणते. कागदाच्या काळात कोणाचे काही अडले नव्हते.

"मॅम, तुम्ही त्यांना प्रणालीत मृत म्हणून नोंदवलंय का?" युवतीने विचारले.

काजलताईंचा चेहरा उतरला. गेल्या वार्षिक सभेत दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहिली गेली, तेव्हा अमृतभाऊंनी आज्ञा केली होती की, सर्व दिवंगतांची नोंद यंत्रातही यथायोग्य व्हावी. काजलताईंनी तुळशीपाशी बसावे तशा निष्ठेने, एकेकाची तिथी विचारून, प्रत्येकाच्या नावापुढे "मृत" अशी खूण केली होती.

"केलंय. सगळ्यांना."

"मग ते शोधात दिसणारच नाहीत. मृत सदस्यांना चुकून पत्रं, जाहिराती जाऊ नयेत, म्हणून प्रणाली त्यांना आपोआप लपवते. त्यांची आसनंही मोकळी होतात. तुम्ही 'प्रगत शोध'मध्ये जा. अगदी खाली एक चौकोन आहे, 'मृत सदस्यांसह'. त्यावर टिचकी मारा."

"इतली अक्कल दिधी, नि खाले लपाडी ठी," छबूबाई म्हणाल्या.

काजलताईंनी चौकोनावर खूण केली.

पडदा भरून गेला. नावामागून नावे आली. पखवाज वाजवणारे उदेसिंग. पडद्यासाठी स्वतःच्या घरचे लुगडे देणाऱ्या तुळशीबाई. प्रयोगाच्या आदल्या दिवशी रंगमंच शेणाने सारवून घेणाऱ्या अनुसयाबाई. ज्यांना मी नमस्कार केला होता, ज्यांच्याशी भांडलो होतो, ज्यांच्या दहाव्याला गेलो होतो, ते सर्व जण आपापला आसनक्रमांक घेऊन ओळीने उभे होते. मी नकळत हात जोडले. अमृतभाऊंनीही टोपी काढली. सभागृहाच्या पुढच्या निम्म्या रांगा त्या नावांच्या होत्या. आणि रविवारी त्यांच्या घरची माणसे दारात येऊन उभी राहणार होती, आणि यंत्र एकालाही ओळखणार नव्हते.

माझी भक्ती त्या विचाराने जागच्या जागी आटली. "काजलताई," मी म्हणालो, "उद्या सकाळी विक्री उघडण्यापूर्वी यांतल्या प्रत्येकाला परत आणायचे आहे."

"परत म्हणजे, जिवंत करायचं?"

"दुसरा काही मार्ग आहे का?"

पुण्याच्या युवतीने दोन मार्ग सांगितले. एक तर सभासदत्व वारसाच्या नावे करावे. नाही तर मृत ही खूण काढून सभासदाला पुन्हा "हयात" करावे. "पण दुसरा मार्ग आम्ही सुचवत नाही, मॅम," असे म्हणून तिने फोन ठेवला.

"वारसाच्या नावे करायचं का, काकू?" काजलताईंनी विचारले. "तुमच्या?"

"नाव हालावानं नही," छबूबाई ताडकन म्हणाल्या. "त्यासनी हौसमा लिधेल शे. मी मरसू तवय काढा."

तेव्हा काजलताईंनी हिलालभाऊंची नोंद उघडली, आणि मृत या शब्दापुढची खूण पुसली. यमधर्माच्या दारी ज्यासाठी तपे वेचावी लागतात, ते बोटाच्या एका टिचकीने झाले. ग रांगेतील दोन्ही आसने हिरवी होती ती लाल झाली. छबूबाईंनी सुस्कारा सोडला आणि पाण्याचा पेला उचलला. मीही मनात यंत्राला क्षमा करण्याच्या बेतात होतो.

"दुसऱ्या आसनाला पाहुण्याचं नाव आणि फोन लागतो," काजलताई म्हणाल्या. "रुपाताईंचा नंबर सांगा."

छबूबाईंनी पिशवीतून बटणांचा छोटा फोन काढला आणि काजलताईंच्या हाती दिला. "त्यामा गिरनी म्हनीसन शे."

"गिरणी?"

"पीठनी गिरनी. त्यासनी देखं असतं त फोडी टाकता ना फोन. मी रोज दुपारले गिरनीले फोन लावू. रुपाना बाप इचारे, इतलं काय दळस व तू?"

अमृतभाऊंना हसू आवरले नाही. काजलताईंनी क्रमांक भरला. यंत्राने लगेच पुढचा पडदा दाखवला. पाहुण्याला जाणारा संदेश तेथे आधी वाचायला मिळतो, आणि मान्य असेल तरच पाठवायचा असतो. काजलताईंनी तो मोठ्याने वाचला.

"सप्रेम नमस्कार, रुपा. आमचे सन्माननीय सभासद श्री. हिलाल धुडकू पाटील यांनी आपणांस रविवारच्या नाट्यप्रयोगाचे अगत्याचे निमंत्रण दिले आहे. ते आपली वाट पाहत आहेत."

बाहेर बसस्थानकावरून तळोद्याच्या गाडीची घोषणा ऐकू येत होती.

"परत वाच," छबूबाई म्हणाल्या.

काजलताईंनी परत वाचले. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी बोट ठेवले. "ही ओळ आपोआप येते, काकू. सगळ्यांना हीच जाते."

"पाठवून द्या," अमृतभाऊ हळूच म्हणाले. "बरं वाटेल पोरीला. बापाचं नाव पाहून."

मला धर्मसंकट पडले. मेलेल्या माणसाच्या मुखी त्याने न उच्चारलेला शब्द घालणे पाप, असे मन म्हणत होते. आणि एक दुखावलेली मुलगी तो शब्द वाचून सुखी होणार असेल, तर त्या पापाचे वजन किती, हेही मन विचारत होते. मी निर्णय करू शकलो नाही. तो छबूबाईंनी केला.

"नको धाडू."

"काकू?"

"तो मानूस वाट देखता ना, त मन्ही पोर इतला वरीस वनवासमा ऱ्हाती का? जित्ता व्हतात तवय बलावं नही. मी पाय धऱ्यात, तरी बलावं नही. आते मरीसन बलावतस?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "ती वाची. रडी. तिले वाटी, बाप आखरीले पाघळना व्हता. नही पाघळना. मी शेजारे व्हतू. खोटं कसाले सांगानं तिले?"

"मग काय करू?"

"बलावनारी मी शे. मन्हं नाव टाक तठे."

"पाहुण्याला सभासदच बोलावू शकतो, काकू. तुमचं नाव घालायचं म्हणजे सभासदत्वच तुमच्या नावे करावं लागेल. हिलालकाकांचं नाव निघेल."

छबूबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. तेथे त्यांच्या पतीचे नाव होते, पुढे हयात अशी खूण होती. त्यांनी बोटाने पडद्याच्या कडेवरची धूळ पुसली.

"निंघू दे," त्या म्हणाल्या.

काजलताईंनी वारसाचा रकाना उघडून छबूबाईंचे नाव भरले. वर्तुळ फिरले. नोंद झाली. आणि तिच्याखाली यंत्राने आपला निवाडा दिला: सभासदत्वाचा आरंभ, आजचा दिनांक, ज्येष्ठतेनुसार आसने, शेवटची रांग.

नकाशावर ग रांगेतील दोन खुर्च्या पुन्हा हिरव्या झाल्या.

"देखा मामी," अमृतभाऊ म्हणाले, "मांगेच लिखेल व्हतं."

"मांगे त मांगे," छबूबाई म्हणाल्या. पण त्यांचे ओठ घट्ट मिटले होते, आणि ज्यासाठी त्या दोन गाड्या बदलून आल्या होत्या ते हातचे गेल्याचे त्यांना कळले होते.

माझे इतक्या महिन्यांचे साचलेले सर्व काही त्या क्षणी वर आले. मी उठलो. "काजलताई, चिटणीसाला आसन बदलण्याचा अधिकार आहे की तोही या यंत्राने काढून घेतला आहे?"

"आहे, गुरुजी. तुमचा परवलीचा शब्द लागेल."

परवलीचा शब्द मी एका मंगलाचरणातून घेतला होता. यंत्राने तो नाकारला. मला आठवले की त्यात एक आकडा घालायला लावला होता. तोही घातला. मग त्याला एक चिन्ह हवे होते. काजलताईंनी कोणते चिन्ह ते मला न विचारता घातले, कारण मला ते लक्षात राहत नाही हे त्यांच्या लक्षात होते. अखेर दार उघडले. मी ग रांगेतील पाच आणि सहा ही आसने छबूबाईंच्या नावे केली. यंत्राने विचारले: बदलाचे कारण?

मी लिहिले, "निमंत्रण देणारी सभासद हयात आहे."

यंत्र म्हणाले: कृपया कारण अधिक विस्ताराने लिहावे.

मी पुढे लिहिले, "आणि ती माझ्यासमोर बसली आहे."

यंत्राने ते मान्य केले. आसने लाल झाली. काजलताईंनी संदेश पाठवला. या खेपेस त्यात छबूबाईंचे नाव होते, आणि शेवटची ओळ खरी होती. अमृतभाऊ खिडकीबाहेर पाहत उभे होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चला मामी, मी गाडीनी सोडस तुले धानोराले. एस्टीमा उभी राहू नको."

शनिवारचे वर्णन करण्यात अर्थ नाही. पहाटेपासून काजलताई आणि मी घरोघर फोन करीत होतो. नाव बदलायचे का, या प्रश्नावर एकही घर राजी झाले नाही; दोन घरांत तर मला अभद्र बोलल्याबद्दल ऐकून घ्यावे लागले. तेव्हा आम्ही बाकी सर्वांच्या खुणा पुसल्या आणि मंडळाचे अवघे पितर हयात करून टाकले. ती युवती फोनवर आली असती तर तिने हे सुचवले नसते, हे मला माहीत आहे.

रविवारी प्रयोगाची वेळ झाली, तरी छबूबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामीच होती. तिसऱ्या रांगेमागे भाऊबंद बसले होते. ते रिकाम्या खुर्चीकडे पाहत आणि एकमेकांकडे पाहत. छबूबाई ताठ बसून पडद्याकडे पाहत होत्या. नांदी सुरू झाली आणि मधल्या वाटेने रुपा आली. सुरतेची गाडी नवापूरला अडकून पडली होती. प्रवासाने चुरगळलेली साडी, केसांत धूळ. ती आईसमोर उभी राहिली, आणि बसावे की वाकावे हे तिला सुचेना.

"इतला उशीर?" छबूबाई चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "नांदी हुई गयी. बठ आते, मांगला लोकेसले दिसत नही."

ती बसली. मागे कुजबुज झाली आणि सुराबरोबर विरली. छबूबाईंनी मुलीचा हात आपल्या हातात घेतला, तो पहिला अंक संपेपर्यंत सोडला नाही. मी विंगेतून पाहत होतो. नाटक माझ्या ध्यानात राहिले नाही.

मध्यंतरानंतर घंटा झाली आणि काजलताई तिकिटे तपासायचे हातातले यंत्र घेऊन तावातावाने माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, ग-पाचवर छबूबाईंची नोंद आहे आणि तिथे एक गृहस्थ बसलेत. बाल्कनीचं तिकीट आहे त्यांच्याकडे. खिडकीवर घेतलेलं. नाव दिनेश पावरा. आणि बाल्कनीत त्यांच्या जागेवर छबूबाई! मी आता हे कुठे नोंदवू?"

मी पडद्याच्या फटीतून पाहिले. तिसऱ्या रांगेत रुपा होती, आणि तिच्या शेजारी एक सावळा, संकोचलेला पुरुष खुर्चीच्या कडेवर असा बसला होता की, कोणी नुसते पाहिले तरी उठून उभा राहील. मागच्या रांगेतील भाऊबंदांनी पाहिले होते. अमृतभाऊंनीही पाहिले. ते वाटेत थांबले, आणि मग त्यांनी दिनेशपुढे हात जोडले.

दिनेश दचकून उठू लागला. सभागृहातील दिवे मंद होत होते. तोच बाल्कनीच्या कठड्यावरून छबूबाईंचा आवाज खाली आला, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"रुपा, त्याले सांग, तठेच बठ. माले आठेतून समदं दिसस."